आधी फुंकर, मग गाडी

लातूरच्या आडतीवर माल विकला. पट्टी हाती आली. सोबती म्हणाले, "थोडी घेऊ या." मग फटफटी काढून नांदेडची वाट धरली. असे आपल्यात घडते. "मला काही चढत नाही," असे पिणारा म्हणतो. पण दारू आधी समज नेते. मग चढली हे त्याला कळावे कसे?

म्हणून कायद्याने माप ठरवले आहे. पोलीस नळीत फुंकायला लावतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारूचा अंश निघाला, की गुन्हा झाला. ट्रॅक्टर असो की फटफटी, माप एकच. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे दंड २०१९ साली वाढले.

अमेरिकेत आणखी एक उपाय आहे. पिऊन चालवताना सापडलेल्याच्या मोटारीत अनेक राज्ये एक यंत्र बसवायला लावतात. त्यात आधी फुंकायचे. श्वासात दारू निघाली, तर इंजिन सुरूच होत नाही. वाटेतही पुन्हा फुंकावे लागते.

आपल्या या कलमात असे यंत्र सांगितलेले नाही. म्हणून ते काम आपणच करावे. बाजाराला निघतानाच ठरवावे. घेतली असेल, तर किल्ली न पिणाऱ्याकडे द्यावी, नाहीतर एस.टी.ने यावे. घरच्यांनीही किल्ली मागायला भिऊ नये. गाडी उद्या आणता येते. माणूस आणता येत नाही.

प्रश्न : आपल्या घरात किल्ली कोण मागेल?