गिऱ्हाईक फाटकाच्या आत की बाहेर?

चि. बाळास,


तुझं पत्र पोचलं. तासगावचा बेदाणा आणि सांगलीची हळद घेऊन दुबईच्या फ्री झोनमध्ये कंपनी काढायची, म्हणजे कर नाही आणि स्थानिक भागीदारही नको, असं तुझ्या मनात आहे. तुझी उमेद पाहून आनंद झाला. पण ‘कर नाही’ एवढ्या दोन शब्दांवर द्राक्षबाग तारण ठेवू नकोस. दुबईतल्या जेबेल अलीच्या गोदामांत माझी ऐन उमेदीची वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्री झोन ही देशातलीच जागा, पण कस्टम्सच्या हिशेबी देशाबाहेरची. जेबेल अलीचं बंदर 1979 मध्ये सुरू झालं आणि 1985 मध्ये त्याला लागून हा झोन झाला. बंदरात उतरलेला माल झोनमध्ये आहे तोवर त्यावर जकात नाही. तिथूनच तो परदेशी रवाना झाला तर ती कधीच भरावी लागत नाही. झोनचं फाटक ओलांडून शहरात शिरला की मात्र बहुतेक मालावर 5 टक्के पडते. तेव्हा कुठला धंदा इथं चालेल हे बघताना पहिला प्रश्न एकच: तुझं गिऱ्हाईक फाटकाबाहेरच्या शहरात आहे की समुद्रापलीकडे?

मी काम केलं ते गोदाम मोटारींच्या सुट्या भागांचं. जपानहून बेअरिंगं, जर्मनीहून फिल्टर, कंटेनरचे कंटेनर यायचे. पूर्व आफ्रिकेतल्या दार-ए-सलामच्या दुकानदाराला हवे असायचे चाळीस फिल्टर, वीस बेअरिंगं आणि ब्रेक पॅडचे दोन खोके. एवढ्यासाठी जपानमधला कारखानदार त्याला उभा करत नाही, आणि अख्खा कंटेनर घ्यायची त्याची ऐपत नसते. आमची पोरं यादी हातात धरून रॅकमधून फिरायची, माल काढायची, खोक्यावर नाव-नंबर चिकटवायची. अशा चार-पाच दुकानदारांचा माल एकत्र केला की एक कंटेनर भरायचा. माल रॅकवर दोन-दोन महिने पडून राही, पण जकातीत पैसा अडकलेला नसे. या धंद्याचा सगळा जीव त्या मोकळ्या राहिलेल्या भांडवलात आहे. टायर, मोबाइल, अत्तरं, दवाखान्याची यंत्रं यांचे व्यापारी तिथं टिकले ते याच कारणानं.

दुसरा टिकणारा प्रकार मुंबईतच बघायला मिळतो. अंधेरीचं सीप्झ हाही असाच एक निर्यातीचा झोन. तो 1973 मध्ये फक्त इलेक्ट्रॉनिक्ससाठी सुरू झाला, आणि 1987-88 मध्ये दागिन्यांना तिथं परवानगी मिळाली. सोनं आणि हिरे बाहेरून येतात, दागिना होऊन बाहेरच जातात. वजन थोडं, किंमत मोठी, बाहेरून आणलेल्या सोन्यावर एरवी जकात आणि विमानतळ हाकेच्या अंतरावर. ज्या कारखान्याचा कच्चा माल परदेशी आणि गिऱ्हाईकही परदेशी, त्यानं झोनमध्येच जावं. सॉफ्टवेअर किंवा सल्ल्याचं काम करणाऱ्यांनाही झोन सोयीचा, पण तो तुझा विषय नाही.

किराणा दुकान, हॉटेल, सलून, घरबांधणीची कंत्राटं यांनी मात्र तिथं जाऊ नये. त्यांचं गिऱ्हाईक शहरात राहतं. झोनमधल्या कंपनीला शहरात माल विकायचा तर वेगळी परवानगी घ्या, नाहीतर वितरक नेमा, आणि वर जकात आहेच.

कराचंही नीट ऐक. परवाना काढून देणारे दलाल अजून ‘टॅक्स-फ्री’च म्हणतात. पण जून 2023 पासून यूएईत कंपन्यांच्या नफ्यावर कर लागू आहे: 3 लाख 75 हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर 9 टक्के. झोनमधल्या कंपनीला शून्य दर मिळू शकतो, पण ठरावीक प्रकारच्या उत्पन्नावरच. त्यासाठी खरं ऑफिस, खरी माणसं आणि ऑडिट केलेले हिशेब लागतात. सामान्य ग्राहकाला थेट विकून मिळवलेलं उत्पन्न त्यात सहसा बसत नाही. नुसती पाटी लावून भागेल, या भ्रमात राहू नकोस.

आता तुझा बेदाणा. भारत आणि यूएई यांच्यातला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे. माल भारतीय असल्याचा दाखला जोडला, तर बराच भारतीय माल दुबईत जकातीशिवाय किंवा कमी जकातीत उतरतो. म्हणजे दुबईच्याच दुकानांना बेदाणा विकायचा असेल तर झोनचा खर्च कशासाठी करतोस? तासगावातून थेट आयातदाराला पाठव. निवडणं, प्रतवारी, लहान पाकिटं हे कामही गावातच कर. तिथं हात आहेत, नजर आहे आणि कोल्ड स्टोरेजही आहे. उकाड्यात हिरवा बेदाणा तांबूस पडतो आणि भाव उतरतो, हे तुला मी सांगायला नको. दुबईच्या उन्हाळ्यात साध्या गोदामात तो ठेवण्याचा विचारसुद्धा करू नकोस. थंड गोदामाचं भाडं धरून हिशेब मांड.

तरीही एका वाटेनं झोन तुझ्या उपयोगी पडेल, आणि ती मला मनापासून पटते. पूर्व आफ्रिकेतल्याच मोंबासाच्या व्यापाऱ्याला एकट्या बेदाण्याचा कंटेनर नको असतो. त्याला थोडा बेदाणा, थोडी हळद, इराणचा पिस्ता, सौदीचा खजूर असा मिसळीचा माल हवा असतो. तो एकत्र करून पाठवणारा माणूस तू झालास, तर जेबेल अलीइतकी चांगली जागा आसपास दुसरी नाही.

पण लगेच परवाना काढू नकोस. त्याची फी दरवर्षी भरावी लागते, धंदा होवो न होवो. आधी तिथल्या एखाद्या गोदामवाल्याकडे भाड्यानं थोडी जागा घे. माल उतरवणं, ठेवणं आणि पुढं पाठवणं हे तोच करून देतो. त्या जागेवर एक हंगाम काढ. पूर्व आफ्रिकेतले निदान तीन खरेदीदार शोध आणि त्यांना काय, किती, कुठल्या महिन्यात हवं ते लेखी घे. ती पत्रं आणि थंड गोदामाचे दर मला पाठव. मग परवान्याचा अर्ज आपण दोघं मिळून भरू.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा