दहा तारखेची बैठक

सीए फर्ममध्ये नोकरी करता करता केस पांढरे झाले. फर्मने पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीतल्या बचत गटांना हिशेबात मदत करायचं ठरवलं, तेव्हा यादीत माझं नाव साहेबांनी परस्पर घातलं. नंतर मात्र दर महिन्याच्या दहा तारखेच्या बैठकीला मी आपणहून जात राहिले. तिथे कळलेल्या या काही गोष्टी.

१. सक्ती नसली की कोण किती टिकतं ते लवकर कळतं. कंपनी कायद्याचं कलम १३५ आणि त्यातले समाजकार्यावर खर्चायचे नफ्याचे दोन टक्के मोठ्या कंपन्यांसाठी. आमची भागीदारी फर्म, आम्हाला ती भानगडच नाही. सुरुवातीला आर्टिकलशिपची मुलं रिक्षा भरभरून आली. सप्टेंबर उजाडला, टॅक्स ऑडिटची मुदत डोक्यावर बसली आणि आम्ही दोघं उरलो. काम दोघांचंच होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

२. आपली विद्या इथे फार थोडी लागते. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांना जोडायचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. आज कुठल्याही गटातली बाई पंचसूत्री घडाघडा म्हणून दाखवते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेत परतफेड, चोख हिशेब. पहिल्या चारांत त्या माझ्या गुरू. पाचव्यात मी उपयोगी, तेही कशासाठी? पासबुकात कापलेले ११८ रुपये कशाचे, हे सांगण्यासाठी. शंभर रुपये बँकेचा आकार, वर अठरा टक्के जीएसटी. एवढं सांगितल्यावर मिळालेला मान मला एखाद्या क्लायंटकडूनही क्वचितच मिळाला असेल.

३. व्याजाचा दर कागदावर एक दिसतो आणि सतरंजीवर बसून ऐकला की वेगळाच. गटात शेकडा दोन, म्हणजे दहा हजारांना महिन्याला दोनशे. मी मनात बाराने गुणलं आणि दचकले. वर्षाला चोवीस टक्के! ‘बँक याहून स्वस्त देते,’ असं हळूच सुचवून पाहिलं. अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, ‘मॅडम, बँकेत भरलेलं व्याज परत येतं का? हे आमचं आम्हालाच वाटून येतं. आणि सावकार शेकडा दहा घेतो, रविवारी सकाळी दारात उभा राहून.’ यावर मी काय बोलणार! तरी सवयीने एक शंका काढलीच. जी सतत कर्जात असते तिच्या व्याजावर कर्ज न काढणारीचं फावतं, त्याचं काय? मला वाटलं, आता मुद्दा सापडला. ‘माहितीय की,’ कोपऱ्यातून आवाज आला, ‘म्हणून तर दवाखान्याच्या कर्जाला शेकडा एकच.’ हा ठराव दोन वर्षांपूर्वीच इतिवृत्तात लिहिलेला होता. खाली बाराजणींच्या सह्या, त्यातले तीन अंगठे.

४. थकबाकीला कारण असतं आणि ते लिहून ठेवता येतं. गटाच्या वहीत एका हप्त्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सुनेचं बाळंतपण, पुढच्या महिन्यात दोन भरणार.’ पुढच्या महिन्यात खरोखरच दोन हप्ते जमा, पेनाने. आमच्या ऑफिसात बुडीत कर्जाच्या तरतुदीवर मी पानंच्या पानं तपासली आहेत, पण येणं वसूल होणार याचा इतका भरवशाचा पुरावा फार वेळा हाती आलेला नाही.

५. तिथे आपण पाहुणे नसतो, हे फार बरं असतं. बैठकीला उशिरा येणाऱ्याला पाच रुपये दंड. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकची सबब सांगून पाहिली, चालली नाही. दंड भरला आणि वहीत माझं नाव चढलं. मदत करायला आलोय याची जी थोडी ऐट होती, ती त्या पाच रुपयांत उतरली. स्वस्तात झालं म्हणायचं.

६. फोटोचं एकदाच काय ते आटपून घ्यावं. कंपन्यांतून येणारे लोक एकसारखे टी-शर्ट घालून, बॅनर धरून एका दिवसात वस्ती ‘करून’ जातात. बायका हसून उभ्या राहतात, चहाही पाजतात. मग रोखीत चाळीस रुपये कमी का येतात, हे शोधायला दहा तारखेला पुन्हा आपल्या आपणच बसतात. माझं मत विचाराल तर वर्षातून एकदा येणाऱ्या पन्नास जणांपेक्षा दर महिन्याला येणारा एक कारकून बरा, मग तो थोडा कंटाळवाणा का असेना. मी तशी आहेच, असं घरचे सांगतात.

तुमच्या भागातले गट कुठे आणि कधी बसतात ते महापालिकेच्या समाज विकास विभागात विचारा. जाणार असाल तर सप्टेंबरातही जमेल ना, हे आधी घरी आणि साहेबांना विचारून घ्या. आणि वेळेवर पोहोचा, दंड खरंच घेतात.