लकव्यात सीटी स्कॅन कशाला?

"डॉक्टरसाहेब, तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, हे दिसतंच आहे. मग स्कॅनचा खर्च कशाला?" असे नातेवाईक नेहमी विचारतात. लकव्यात मेंदूची रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद पडते किंवा फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. शुद्ध, उलटी, डोकेदुखी, रक्तदाब यांना गुण देऊन फरक ओळखण्याच्या बँकॉक व लंडन येथील पद्धती आहेत. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉक्टरांनी त्या आपल्याकडील रुग्णांवर सीटीशी ताडून पाहिल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की या गुणांवर भरवसा ठेवता येत नाही.

ताजा रक्तस्राव सीटीत लगेच पांढरा दिसतो. गुठळीचा लकवा मात्र पहिल्या काही तासांत सीटीत बरेचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये तो लवकर दिसतो. म्हणून 'सीटी नॉर्मल' ऐकून रुग्णाला घरी नेऊ नये. रक्तस्राव नाही एवढे कळले, तरी योग्य रुग्णाला साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते.

स्कॅनआधी अ‍ॅस्पिरिन देऊ नका. रक्तस्राव असल्यास तो वाढू शकतो. (पूर्वी मीही ती अंदाजाने देत असे.) आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला, तेवढे चिठ्ठीवर लिहून आणा.