दोन मतांचा हिशेब

निवडणूक जवळ आली की आमच्या फुलसावंगीत एक प्रश्न हटकून निघतो. राखीव जागा असूनही बाबासाहेब दोनदा पडले कसे? घरी मुलांची पाटी असेल तर पुढे घ्या.

1932 च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि संयुक्त मतदारसंघात राखीव जागा आल्या. म्हणजे जागा आपली, मते सर्वांची. आता समजा, मतदार 1000. आपले 350, इतर 650. जागा दोन, त्यांतली एक राखीव. प्रत्येकाला दोन मते.

1937 साली मुंबई इलाख्यात दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत. आपल्या माणसाला 700 मते पडली. इतरांची 1300 मते दोघांत सारखी वाटली, तर 650-650. आपला माणूस आला! या पद्धतीसाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला होता, आणि त्या वर्षी ते मुंबईतून निवडून आले. खोट एवढीच, की मते कुठे किती एकवटायची याची शिस्त नसेल तर फुकट जातात.

1952 साली मते दोनच राहिली, पण एकाला एकच देता येई. पाटीवर पाहा: आपल्या माणसाला 350, त्यांनी उभ्या केलेल्या राखीव उमेदवाराला 650. मुंबईत नारायणराव काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून आले.

1954 साली भंडाऱ्याला पोटनिवडणूक लागली. राखीव जागा भरल्यावर उरलेली जागा बाकीच्यांत सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला जाई. म्हणून कार्यकर्ते म्हणाले, दुसरे मत कुजवू. अशोक मेहता मागे पडतील आणि बाबासाहेब पुढे येतील. हिशेब चुकीचा नव्हता. पण बाबासाहेबांनी नकार दिला, असे जुने कार्यकर्ते सांगत. दुसरे मत मेहतांना द्या, असेच त्यांनी सांगितले. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले. मला तो नकार पराभवापेक्षा मोठा वाटतो; आमच्यातल्या काहींना अजून पटत नाही.

दोन जागांचे मतदारसंघ 1961 च्या कायद्याने गेले. आपला उमरखेड विधानसभा मतदारसंघ आज राखीव आहे, जागा एक आणि मतही एकच. उमेदवार अनुसूचित जातीचाच असतो, पण निवडतात सगळे. पाटीवरचे 350 आणि 650 पुसू नका.