रांगेतल्या शेवटच्या माणसालाही शनी दिसावा

दुर्बिणीला एका वेळी एकच डोळा लागतो. सोसायटीच्या आनंदमेळ्यात किंवा गणपतीत ज्या बाकीच्या गोष्टी फुकट असतात, त्यांत थोडी ओढाताण खपून जाते. मुलांच्या उड्या मारायच्या गादीवर दोन पोरं जास्तीची चढली तरी खेळ थांबत नाही. दुर्बिणीचं तसं नाही. पुढचा माणूस हलल्याशिवाय मागच्याच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून फुकट मिळणारी गोष्ट माणसं कशी वाटून घेतात, किंवा घेत नाहीत, हे मी सगळ्यात स्वच्छ पाहिलं ते आकाशदर्शनाच्या रांगेत. अशा कार्यक्रमांना मी बरीच वर्षं मदतीला जातो. कधी दुर्बिणीपाशी असतो, बहुतेकदा रांगेपाशी. आणि रांगेपाशी उभं राहणं हेच जास्त अवघड काम आहे, असं माझं मत झालं आहे.

आपल्याकडे हौशी आकाशनिरीक्षणाची परंपरा चांगली रुजलेली आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. मुंबईच्या खगोल मंडळाने वांगणीला रात्र रात्र आकाश दाखवून कितीतरी जणांना हे वेड लावलं. पण दुर्बीण उचलून थेट वस्तीत आणायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून फुकट दाखवायची, ही रीत जगभर पसरवली ती जॉन डॉब्सन या माणसाने. १९१५ साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकेत रामकृष्ण संघाच्या मठात तेवीस वर्षं संन्यासी म्हणून राहिला. मठ सुटल्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून बसू लागला आणि १९६८ मध्ये त्याच्याभोवती तसं काम करणाऱ्यांचा गट तयार झाला. प्लायवूडची बैठक, जाड पुठ्ठ्याची नळी, कुणालाही घरी करता येईल अशी रचना. आज सोसायट्यांच्या आणि शाळांच्या मैदानात दिसणाऱ्या पुष्कळ दुर्बिणी त्याच्याच नावाच्या बैठकीवर असतात. ज्याला दुर्बीण विकत घेणं कधीच जमणार नाही, त्याला ती मिळावी हा त्यामागचा हेतू. रांगेच्या नियमांबद्दल मी जे म्हणणार आहे ते सगळं याच हेतूला धरून आहे.

या साध्या बैठकीला मोटर नसते. पृथ्वी फिरते आणि ग्रह दुर्बिणीच्या गोल दृश्यातून सरकत जातो. आठ इंची दुर्बिणीतून सव्वाशे पटीच्या आसपास मोठा करून शनी बघितला, तर तो एका कडेकडून दुसऱ्या कडेला जायला दोन मिनिटंसुद्धा घेत नाही. जवळजवळ प्रत्येक माणसानंतर तो परत मध्यावर आणावा लागतो. कुणाला चष्मा असतो, कुणाला नसतो, म्हणजे फोकस पुन्हा जुळवणं आलं. माणशी अर्धा मिनिट बघणं आणि अर्धा मिनिट ही बदलाबदल धरली, तर तासाला साठ माणसं होतात. एकाने तीन मिनिटं घेतली की त्याने दोघा-तिघांची संधी संपवलेली असते. त्याला ते कळत नाही, कारण बघताना त्याची पाठ रांगेकडे असते.

डिसेंबर २०२३ मध्ये एका मोठ्या गृहसंकुलाच्या मेळाव्यात मी रांग सांभाळत होतो. त्या हंगामात शनी संध्याकाळी नैर्ऋत्येला असायचा आणि दहा-अकराच्या सुमारास मावळायचा. पण शहरात ग्रह क्षितिजावर मावळत नाहीत, इमारतीआड मावळतात. समोर उंच इमारत होती, तिच्या गच्चीवर पाण्याची टाकी. साडेआठनंतर शनी मिळणार नाही हे दिवेलागणीलाच दिसत होतं. दीड-पावणेदोन तास हातात होते आणि रांग शंभराच्या घरात. नीट चाललं असतं तर सगळे आटोपले असते.

पहिला अर्धा तास चाललंही नीट. मग एक गृहस्थ आले, त्यांना मोबाईलवर फोटो हवा होता. भिंगावर हाताने मोबाईल धरून शनीचा फोटो काढणं हे फार कौशल्याचं काम आहे. हात हलतो, नळीला धक्का लागतो, ग्रह निसटतो. तो परत शोधून द्यावा लागतो, परत धक्का लागतो. त्यांचं झाल्यावर मागच्या चौघांनीही मोबाईल बाहेर काढले, कारण एकाला दिलं तर दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? त्यानंतर कार्यक्रमाला मदत केलेल्या एका काकांचे पाहुणे थेट पुढे आणले गेले. "काका, रांग आहे," असं मी म्हटलं. "अरे, दोनच मिनिटं. पाहुणे आहेत, लांबून आलेत," असं उत्तर आलं. पाहुणे सात होते. दरम्यान, आधी बघून गेलेली मुलं मित्रांच्या मध्ये शिरून दुसऱ्या-तिसऱ्यांदा येत होती आणि त्यांचे आईवडील लांबून कौतुकाने बघत होते.

रांगेच्या शेपटाकडे एक मुलगी होती, सहावी-सातवीतली. संकुलात घरकाम करणाऱ्या एका ताईंची मुलगी. आईचं काम आटोपेपर्यंत तिला थांबायचंच होतं. तिने मला विचारलं, "शनीची कडी बर्फाची असतात ना? मग ती वितळत का नाहीत?" मी तिला सांगितलं, सूर्यापासून शनी इतका लांब आहे की तिथे कडाक्याची थंडी असते, आपलं पाणी गोठतं त्याहून कितीतरी जास्त. तिने पुढचा प्रश्न विचारला. त्या अख्ख्या रांगेत असं विचारणारी ती एकटी होती. पण दोनदा मोठ्या माणसांनी तिला "तू लहान आहेस, तू बघ नंतर" म्हणून मागे सारलं आणि ती काही न बोलता मागे झाली. आपल्याला बोलायचा हक्क आहे असं तिला वाटतच नव्हतं. तिच्या पुढे सात-आठ जण उरले असताना शनी टाकीच्या मागे गेला.

गुरू त्या वेळी जवळजवळ डोक्यावर होता. या बैठकीची दुर्बीण सरळ वर रोखणं किचकट असतं, तरी आम्ही ती वळवली आणि उरलेल्यांना गुरू आणि त्याचे चार चंद्र दाखवले. सुंदरच दिसले. पण ती मंडळी शनीसाठी उभी होती. ती मुलगी "छान आहे" म्हणाली आणि आईबरोबर गेली. मी त्या रात्री फार अस्वस्थ होतो. ज्या माणसाला दुर्बीण पुन्हा कधी मिळेल याची खात्री नाही, नेमका तोच रिकाम्या हाताने परततो. ज्यांच्या ओळखी आहेत, जे उद्या विकत घेऊ शकतात, त्यांना दोनदा मिळतं. मग फुकट ठेवण्याला अर्थ काय राहिला?

तेव्हापासून ज्या कार्यक्रमात मला विचारलं जातं, तिथे मी काही गोष्टी आग्रहाने सांगतो.

नियम रांग लागण्याआधी ठरवा आणि माईकवरून सांगा. रांग लागल्यावर सांगितलेला नियम त्या क्षणी पुढे असलेल्या माणसाला आपल्याविरुद्ध वाटतो. आधी सांगितलेला सगळ्यांचा असतो. "आधी सगळ्यांचं एकदा, मग ज्यांना हवं त्यांचं पुन्हा." एवढं एक वाक्य पुरतं. पुन्हा बघायला बंदी नाही, उलट पुन्हा बघावंसं वाटणं ही आनंदाची गोष्ट आहे. फक्त त्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. मुलांना हे लगेच पटतं. मोठ्यांना पटवायला वेळ लागतो.

मोबाईलने फोटो रांग संपल्यावर. इथे अजिबात ढिलाई नको, कारण एका फोटोला परवानगी दिली की ती थांबवता येत नाही. शिवाय मोबाईलच्या उजेडाचा प्रश्न आहे. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं लागतात आणि पांढरा प्रकाश डोळ्यांवर पडला की ती मेहनत वाया जाते. शनीसारख्या तेजस्वी ग्रहाला याने फार फरक पडत नाही, पण देवयानी दीर्घिका किंवा मृग नक्षत्रातला तेजोमेघ बघायचा असेल तर पडतो. लाल कागद लावलेली बॅटरी रांगेपाशी ठेवावी.

माहिती भिंगापाशी देऊ नका, रांगेत द्या. पुष्कळ स्वयंसेवक दुर्बिणीला डोळा लावलेल्या माणसालाच शनीचं सगळं पुराण ऐकवतात. त्यात मिनिटं जातात आणि तो माणूस धड ऐकत नाही, धड बघत नाही. रांगेत माणसं तशीही उभीच असतात. तिथे एकाने चित्र दाखवून काय दिसणार आहे ते सांगितलं, तर भिंगापाशी आल्यावर त्यांना कुठे बघायचं ते ठाऊक असतं.

आता एक गोष्ट, जिच्यावर माझे सहकारी माझ्याशी वाद घालतात. वेळ सगळ्यांना सारखा द्यावा असं मला वाटत नाही. दिसणं सगळ्यांना सारखं मिळावं. तरबेज माणसाला दहा सेकंदांत कडी दिसतात. सत्तरीच्या आजींना डोळा कुठे ठेवायचा हेच समजायला मिनिट लागतं. अर्धा मिनिट झाला म्हणून त्यांना उठवलं, तर त्या "दिसलं हो" म्हणून बाजूला होतात, कारण मागे रांग आहे आणि त्यांना लाज वाटते. दिसलेलं काहीच नसतं. म्हणून "दिसलं का?" असं विचारू नये. "कडी कशी आहेत, आडवी की तिरपी?" असं विचारावं. उत्तरावरून लगेच कळतं. नसेल दिसलं तर खुर्ची द्या, फोकस जुळवून द्या, लागेल तेवढा वेळ द्या. हा वेळ रांगेतला कुणीही आनंदाने देतो. पाहुण्यांच्या लोंढ्याला दिलेला वेळ आणि या आजींना दिलेला वेळ यांतला फरक रांगेला बरोबर समजतो. लहान मुलांसाठी पायाखाली भक्कम स्टूल हवं. उचलून धरलेलं मूल नळीलाच लोंबकळतं.

देणगीदार, पदाधिकारी आणि स्वयंसेवकांच्या घरची माणसं यांच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. त्यांच्या मदतीशिवाय कार्यक्रम होत नाही, हे खरं. त्यांना मान द्यायचा असेल तर रांग सुरू होण्याआधी अर्धा तास बोलवा, निवांत दाखवा. एकदा रांग सुरू झाली की सगळे सारखे. आणि आमच्या घरच्यांनी शेवटी बघावं. ही गोष्ट आम्हीच पाळली नाही, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार?

हेच हिशेब इतरत्रही लागू पडतात. फुकट मेंदी असेल तर आधी सगळ्यांना एका तळहाताची, भरगच्च हात नंतर. शाडूच्या मूर्तीच्या कार्यशाळेत माणशी एक गोळा, उरलेली माती शेवटी. कोजागरीचं दूध आधी प्रत्येकी एक पेला. ही अक्कल आपल्या घरांत पंगतीला असते, सार्वजनिक ठिकाणी ती कुठे जाते कळत नाही. पाहायला येणाऱ्यांनी एवढं एक करावं: आपलं झालं की मागे वळून रांगेकडे एक नजर टाकावी. ती बघितल्यावर बहुतेक माणसं आपणहून बाजूला होतात.

राहिला रांगेच्या शेपटाचा प्रश्न. ग्रह किती वाजता इमारतीआड जाणार, हे आदल्या दिवशी त्याच जागेवर उभं राहून बघता येतं. दुसऱ्या दिवशी तो जवळपास त्याच वेळी, चारेक मिनिटं आधी, तिथेच जातो. त्यावरून किती माणसं होतील ते काढा आणि तितक्याव्या माणसाच्या हातात "रांग इथपर्यंत" अशी पाटी द्या. नंतर येणाऱ्यांना तासभर ताटकळत ठेवून नकार देण्यापेक्षा आल्याआल्या खरं सांगणं बरं. त्यांना गुरू दाखवा, चंद्र असेल तर चंद्र दाखवा, आणि त्यांची नावं वहीत लिहून घ्या. पुढच्या कार्यक्रमाचा निरोप आधी त्यांना जातो आणि पहिले नंबर त्यांचे. त्या वहीत इमारतीचं नाव आणि फ्लॅटचा नंबर असे रकाने आखू नका. ज्यांचा फ्लॅट नाही त्यांनाही नाव लिहिता आलं पाहिजे.