टाकळा आणि गजकर्णाची बुरशी



पाऊस पडला की उधन्यात रिकाम्या जागी, रुळांच्या कडेला टाकळा माजतो. पानांच्या तीन जोड्या, पिवळी फुले, लांब वाकडी शेंग आणि उग्र वास. खानदेशाकडची आपली वडीलमंडळी त्याला तरोटा म्हणतात, गुजराती शेजारी कुवाडियो. कोवळ्या पानांची भाजीही होते. संस्कृतात त्याला चक्रमर्द आणि दद्रुघ्न अशी नावे आहेत. दद्रु म्हणजे नायटा, आपले गजकर्ण. कातडीवरचे ते गोल चक्र मोडणारा तो चक्रमर्द.

नाव खरे की खोटे, हे प्रयोगशाळेत असे तपासतात. पाने धुऊन सावलीत वाळवायची, पूड करून अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि गाळून अर्क काढायचा. बटाट्याचे पाणी, साखर (डेक्स्ट्रोज) आणि अगर यांचे निर्जंतुक केलेले खाद्य पातळ असतानाच त्यात अर्क मिसळतात आणि काचेच्या बशीत ओततात. ते थिजले की मधोमध बुरशीचा छोटा तुकडा ठेवतात. दुसऱ्या बशीत अर्क नसतो, मात्र तेवढेच अल्कोहोल असते. ही दुसरी बशी विसरली तर सगळी मेहनत पाण्यात! कारण अल्कोहोलही बुरशीला मारते. श्रेय मात्र टाकळ्याला मिळायचे.

काही दिवसांनी दोन्ही वर्तुळांचा व्यास मोजतात. समजा, साध्या बशीत तो ८० मिलिमीटर आणि अर्काच्या बशीत २० मिलिमीटर भरला. फरक ६० चा. ६० भागिले ८०, गुणिले १००, म्हणजे वाढ ७५ टक्के रोखली गेली.

टाकळ्याच्या बाबतीत असा शोध पूर्वीच झाला आहे. १९७५ मध्ये आचार्य आणि चॅटर्जी या संशोधकांनी टाकळ्यातील मुख्य बुरशीरोधक द्रव्य वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. ते क्रायसोफॅनिक आम्लाच्या कुळातले आहे. हे आम्ल पाण्यात फारच कमी विरघळते, अल्कोहोलात बरे विरघळते. म्हणून पाण्यातला काढा आणि अल्कोहोलचा अर्क यांचे निकाल सारखे येतीलच असे नाही.

पण बशी म्हणजे कातडी नव्हे. बशीत बुरशी थांबवणारा अर्क अंगावर आग करू शकतो किंवा बुरशीपर्यंत पोहोचतही नाही. आपल्याकडे दमट हवा, घामाने भिजलेले कपडे आणि एका खोलीत पाच-सहा माणसे. एकाचे गजकर्ण घरभर पसरते. त्यात दुकानातून कोणतेही मलम आणून लावतात. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज थांबते, बुरशी मात्र आत पसरत राहते. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाच्या बुरशीची नोंद केली. नेहमीच्या टर्बिनाफिन औषधालाही ती अनेकदा दाद देत नाही. म्हणून नव्या द्रव्यांचा शोध हवाच आहे. तोवर चट्टा दिसला की त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे.

गजकर्णाची बुरशी शाळेत वाढवायची नाही. पावावरची बुरशी पुरे. पावाच्या दोन सारख्या तुकड्यांपैकी एकावर उकळून गार केलेले पाणी, दुसऱ्यावर टाकळ्याचा गार काढा, दोन्हींवर सारखेच थेंब टाका. वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत घालून तोंडे घट्ट बांधा, नावे लिहा आणि रोज बाहेरूनच पाहा. पिशव्या उघडू नका. शेवटी तशाच टाकून द्या. आणि टाकळा तोडायला रुळांकडे जाऊ नका, मैदानाच्या कुंपणापाशी भरपूर असतो.