शाळेतला अग्निशामक सिलिंडर : महिन्याला पाच मिनिटे
१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणमच्या शाळेत आग लागून ९४ मुले दगावली. शाळेत अग्निशामक हवाच. पण तो नुसता भिंतीला टांगून भागत नाही. दर महिन्याला एवढे बघा :

१) समोर कपाट, बाके नाहीत ना?
२) काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? (कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटा नसतो, त्याचे वजन करावे लागते.)
३) पिन व सील शाबूत आहे का?
४) नळी चिरलेली, पत्रा गंजलेला नाही ना?

थोडासा जरी वापरला, तरी लगेच भरून घ्या. तपासल्याची तारीख टाकून सही करा. आणि हो, पिन ओढायला शिपाईमामा व खिचडी शिजवणाऱ्या ताईंनाही शिकवा. आगीजवळ पहिल्यांदा कोण असेल, सांगता येत नाही.